आबा, त्या दिवशी तुम्ही कशाला हसलात

आबा, फरशीवर दोनदा टाच आपटली आहे मी. इकडे बघा. नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे बघा, मग बोलते.

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, भाड्याची पातेली परत गेली, आणि लगेच मंडळाची पोरं आली. म्हणे, वहिनी, स्मरणिकेत आबांवर पानभर लिहून द्या. जन्म कुठला, गाव कोणतं, सुरतेला कधी आले, किती वर्षं माग चालवला, समाजासाठी काय केलं. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही लिहा. मला माझ्या सासऱ्याशी एक भांडण मिटवायचं आहे, त्यातून वेळ उरला तर बघते. पोरं एकमेकांकडे बघत जिना उतरली. बाईचं डोकं फिरलं असं वाटलं असेल त्यांना. वाटू दे.

भांडण कसलं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या पिच्चरचं. नाव लिहीत नाही, नाव घेतलं की त्याचं गाणं डोक्यात सुरू होतं आणि दिवसभर जात नाही. आपल्या आख्ख्या नवागामला वेड लागलं होतं. रिक्षात तेच, हळदीला तेच, ज्याच्या त्याच्या फोनची घंटी तीच. आणि तुम्ही एकटे म्हणत होतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण या भांडणाच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही मला ती दोनदा विचारलीत आणि मी दोन्ही वेळा खोटं बोलले. तिसऱ्यांदा खरं सांगितलं, पण ते तुमच्यापर्यंत पोहोचलं नाही. म्हणून आज परत सांगणार आहे. जरा धीर होऊ द्या. तोवर इकडचं तिकडचं बोलते, माझी सवय तुम्हाला नवी नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हाचं आठवतं का? आमच्या शिंदखेड्याकडची शिकवण अशी की सासरा समोर असला तर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा. मी ओढला. चहाचा कप पुढे ठेवून आतूनच म्हणायची, "आबा, चहा." तुम्ही छताकडे बघत बसायचात. "आबा, जेवायला चला." तुम्ही वर्तमानपत्राचं पान उलटायचात. मी मोरीत जाऊन रडायची. आईला फोन करून सांगितलं की सासरा माझ्याशी एक शब्द बोलत नाही, हुंड्यात काही राहिलं का ते बाबांना विचार. आणि तुम्ही तिकडे माझ्या सासूला, मायला, काय विचारत होतात? "सून मुकी दिधी का त्यासनी आपले?"

आठ महिने, आबा! मला वाटत होतं सासरा जमदग्नी आहे, आणि तुम्हाला वाटत होतं की व्याह्यांनी फसवून मुकी पोरगी गळ्यात मारली. बरं, माय सांगेल की नाही? तिला माझं बोलणं ऐकू येत होतं, तुमचं बहिरेपण तिच्या अंगवळणी पडलं होतं. तुम्ही मुकी का विचारलंत तर ती पाठमोरीच म्हणाली, "काहीतरीच काय," आणि ते तुम्हाला कुठे ऐकू आलं! मागांच्या खटखटाटात अर्धं आयुष्य गेलं, कान कधीचेच गेले होते. पण तुम्ही ते कोणाला कळू देत नव्हतात. लोकांच्या ओठांवरून शब्द उचलायचात, कारखान्यात सगळे कारागीर तसंच करतात. आणि माझे ओठ तर पदराच्या आत.

मुकी समजूनसुद्धा तुम्ही वाकडं काही बोलला नाहीत, हे मला फार नंतर कळलं. ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला होतात, "बिचारीले बोलता येत नही, तिले त्रास देजो नको."  मग त्यांना वाटलं, आबा म्हणतायत ती लाजते म्हणून बोलत नाही.

शेवटी गाठ सोडवली शेजारच्या बकरीने. गच्चीवर मी उडदाचे पापड वाळत घातले होते, ती जिन्याने वर आली आणि अर्धी चादर फस्त केली. मी पदर-बिदर कमरेला खोचून तिच्या सात पिढ्या उद्धरत होते आणि तुम्ही जिन्याच्या तोंडाशी उभे. मी जिथल्या तिथे दगड झाले. तुम्ही मात्र उलट्या पावली खाली धावलात आणि गल्लीभर आरोळी ठोकलीत, "बोलस! सून बोलस! मस्त बोलस!"

त्या संध्याकाळी तुम्ही मायला सगळ्यांसमोर सांगितलंत की ही पदर डोक्यावर घेईल, तोंडावर नाही. माय फणफणली, लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, "मना कान गया, हिनं तोंड काबर जायाले पाह्यजे?" माझे कान गेले, तर हिचं तोंड का जावं? आबा, माझ्या बाजूने इतकं सरळ बोललेलं मी माझ्या बापाच्या घरीसुद्धा ऐकलं नव्हतं.  जेवताना तुमच्या ताटात दोन पापड जास्त वाढले, बकरीने ठेवलेल्यांपैकी.

मग आपलं सूत जमलं. तुम्ही मला कारखान्यातलं बोलणं शिकवलंत, आवाज न काढता नुसत्या ओठांनी. माय बसलेली असायची मध्ये, आणि आपण तिच्या डोक्यावरून तिच्याच चुगल्या करायचो. भाजीत मीठ कमी आहे. हो, पण बोलू नका, आज गुडघा दुखतोय तिचा. ती चष्मा पुसत विचारायची, काय तोंडं हलवताय रे माकडांसारखी? मी साड्यांवर खडे चिकटवायला बसले की तुम्ही समोर खुर्ची टाकायचात. दुपारच्या दुपारी आपण बोलत असू आणि घरात आवाज फक्त पंख्याचा. शेजारणी म्हणायच्या, तुझा सासरा किती शांत आहे गं. मी म्हणायची, हो ना, फारच शांत.

आता पिच्चरचं. मी तो आधी खडेवाल्या बायांबरोबर बघून आले होते. हसून हसून पोट दुखलं होतं माझं, खोटं कशाला सांगू. आणि त्यात एक बहिरा आजोबा होता, म्हणून तर मला वाटलं की आबांना न्यायलाच पाहिजे. काय अक्कल पाजळली मी! उधन्याच्या थिएटरात आपण पाचही जण गेलो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता.

गोष्ट तुमच्या लक्षात असेलच. श्रीमंत म्हातारा, इस्टेटीवर टपलेले नातेवाईक. म्हातारा बहिरेपणाचं सोंग घेतो. कोणी काही बोललं की कानाला हात लावून "हां? हां?" करतो. नातेवाईक त्याच्यासमोरच काळंबेरं बोलतात, तो मनात नोंद ठेवतो. कोणी पकडला जाणार म्हटलं की गाणं. शेवटी म्हातारा सांगतो की मला पहिल्या दिवसापासून सगळं ऐकू येतंय, सगळे तोंडावर पडतात, आणि परत गाणं. आख्खं थिएटर शिट्ट्या मारत होतं. रिद्धी, तुमची नात, पॉपकॉर्न सांडेपर्यंत हसत होती. मी पडद्याच्या उजेडात तोंड तुमच्याकडे वळवून प्रत्येक विनोद ओठांनी सांगत होते. तुम्ही मान हलवत होतात. कळला. हाही कळला. हसू मात्र नाही. शेवटी मी ओठांनीच विचारलं, काय झालं, कळत नाही का? तुम्ही म्हणालात, आणि नुसत्या ओठांनी नाही तर चांगला मोठा आवाज लावून, "समजस वं. पन हाई हासाना पिच्चर शे का?" पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले.

मला राग आला, आबा. इतक्या हौसेने नेलं, आणि तुम्ही घरी येईस्तोवर रिक्षात तोंड वाकडं करून. मी म्हटलं, एवढी दुनिया हसली ती काय वेडी? तुम्ही म्हणालात, दुनिया खुर्चीमुळे हसली. मला समजेना. मग तुम्ही सांगितलंत. तुम्हाला गाणं ऐकू येत नाही, पण ढोल वाजला की खुर्ची हलते. तुम्ही मोजत बसला होतात. जिथे जिथे कोणाची चोरी उघडी पडायची वेळ आली तिथे खुर्ची हलली. म्हणजे कोणी पकडलाच जात नाही, पकडायच्या आत नाचायला लागतात. "मागवर धागा तुटना का माग थांबस," तुम्ही म्हणालात. "आठे धागा तुटना का बाजा." धागा तुटल्यावर माग थांबतो, माणूस वाकून बघतो, काय झालं ते त्याला दिसतं. या पिच्चरमध्ये कोणाला वाकून बघूच देत नाहीत.

मी म्हटलं, गाण्यांसाठीच तर लोक येतात. तुम्ही म्हणालात, मग गाण्याचा पिच्चर म्हणा, हसण्याचा का म्हणता?

दुसऱ्या दिवशी चहाला परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. मायने तर तिच्या माळेचे मणी जोरजोरात ओढायला सुरुवात केली. पण मला आता कळतं, तुमचा खरा मुद्दा तुम्ही चौथ्या-पाचव्या दिवशी काढलात. मी खडे चिकटवत होते. तुम्ही म्हणालात, बहिरा "हां?" म्हणतच नाही. कधीच नाही. जो "हां?" म्हणतो त्याला ऐकू येतं. खरा बहिरा "हो" म्हणतो.

आणि मग तुम्ही ते वऱ्हाड काढलंत. खालच्या मजल्यावरच्या पाटलांनी तुम्हाला जिन्यात गाठून काहीतरी विचारलं होतं, तोंडात गुटखा, ओठ बंद. तुम्ही म्हणालात "हो हो". चार दिवसांनी दारात पाटलांच्या पोरीचं वऱ्हाड, बावीस माणसं, तीन तान्ही लेकरं आणि एक नवरदेवाचा आजा. "आबांनी उतरायला जागा देतो म्हणून सांगितलं." तुम्ही दारात उभे, कपाळाला घाम, आणि तोंडावर हसू असं की जणू तुम्हीच आमंत्रण छापलं होतं. दोन दिवस मी कळण्याच्या भाकरी थापल्या आणि वांगी भाजली, हातांना फोड आले. तुम्ही माझ्याजवळ येऊन ओठांनी विचारायचात, हे कोण आहेत गं? मी म्हणायची, मला काय ठाऊक, तुमचेच पाहुणे! त्या आज्याला तर तुम्ही तिसऱ्या दिवशी निरोप देताना डोळ्यांत पाणी आणून मिठी मारलीत. त्याचं नावसुद्धा तुम्हाला माहीत नव्हतं.

हे आठवून आपण दोघंही इतकं हसलो की माझ्या हातातला गोंद साडीभर झाला. आणि हसता हसता तुम्ही म्हणालात, बघ, याला हसू येतं. त्या पिच्चरमधला म्हातारा ऐकू येतं ते लपवतो. त्याला भीती कसली? तो तर राजा आहे, मजेत बसलाय. ज्याला ऐकू येत नाही आणि ते लपवायचंय, त्याचा घाम बघ. हसू त्या घामाचं येतं. पिच्चरवाल्यांनी सोंग उलटं धरलं.

मला पटलं होतं, आबा. तिथल्या तिथे पटलं होतं. पण "तुमचं खरं" म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय, तुम्हाला काहीच आवडत नाही. आणि उठून कपडे आणायला गच्चीवर गेले. हरायची मला सवय नाही, आणि तुमच्याशी हरायची तर मुळीच नाही.

आता सांगते. मनाची तयारी झाली की नाही ते माहीत नाही, पण सांगते.

तुमची बहीण आली होती शिरपूरहून, आत्याबाई, तिच्या घरची सगळी माणसं घेऊन. डिंडोलीत कोणाचं तरी लग्न होतं, तिथून आपल्याकडे. आत्याबाईंसमोर मायला लाज वाटायची म्हणून त्या आल्या की मी पदर पुन्हा खाली ओढायची, तुम्हीही तेवढ्यापुरतं चालवून घ्यायचात. बोलता बोलता पिच्चरचं निघालं. सगळे लागले वाहवा करायला. तुम्हाला विषय कळला, कारण आत्याबाईंच्या पोराने तो नाच करून दाखवला. झालं. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि सुरू झालात, खुर्ची कशी हलते, धागा कसा तुटतो. लोक आपले कंटाळून एकमेकांकडे बघतायत. मग तुम्ही माझ्याकडे बोट करून सगळ्यांना म्हणालात, "हाई मनी सून, हिले हासानी घाई." म्हणजे मला हसायची घाई, विनोद येईस्तोवर दम निघत नाही. चेष्टाच होती. लाडाची होती. पण चार माणसांत मला झोंबली.

आणि मी पदराच्या आतून म्हटलं, "बहिऱ्याला काय कळतोय विनोद! दारावरून बँड वाजत गेला तरी विचारतील, आज एवढं शांत शांत का वाटतंय?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

खोली हसली. आत्याबाईंनी तर मांडीवर थाप मारली. आणि तुम्ही, आबा, तुम्ही आत्याबाईंकडे बघितलंत, मग तिच्या पोराकडे, मग मायकडे. माय हसत नव्हती, पण तुमची नजर तिच्यावर थांबली नाही. सगळे हसतायत असं दिसलं, आणि मग तुम्ही हसलात. सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. म्हणालात, "हो, हो! बरोबर शे!"

तुम्हाला वाटलं मी काहीतरी गोड बोलले.

मी आत गेले आणि पिठाच्या डब्याशी उभी राहिले. मला तेव्हाच कळलं की तुम्ही जे चार दिवस कंठशोष करून सांगत होतात ते सगळं माझ्यासमोर घडलं. खरा बहिरा "हां?" म्हणत नाही. तो "हो" म्हणतो आणि जरा उशिरा हसतो. पिच्चरवाल्यांना जे जमलं नाही ते मी करून दाखवलं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. आणि आणखी एक कळलं. इतकी वर्षं चार माणसांत मी काही बोलले की तुम्ही हसायचात, आणि मला वाटायचं सासऱ्याला माझं बोलणं किती आवडतं. त्यातलं कितीदा माझ्या ओठांवरून हसलात आणि कितीदा लोकांच्या तोंडांवरून, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दुपारी तुम्ही खुर्ची टाकलीत. पाहुणे गेले होते, माझं तोंड उघडं होतं. तुम्ही ओठांनीच विचारलंत, "काल मी काबर हासनू?" काल मी कशाला हसलो?

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, आत्याबाईंच्या यजमानांनी बैलाची गोष्ट सांगितली ना, बैलाने पाहुण्याचं पागोटं खाल्लं ती. तुम्ही माझ्या ओठांकडे जरा जास्तच वेळ बघितलंत. मग "हो" म्हणालात.

महिनाभराने परत विचारलंत. मी परत बैल काढला, पण या वेळी त्याने जोडा खाल्ला. तुम्ही म्हणालात, "मागल्या टाइमले पागोटं खाधं व्हतं. आज जोडा खाधा का?" आणि माझ्या डब्यातला एक खडा उचलून माझ्या हातात दिलात, जणू काही झालंच नाही. त्यानंतर तुम्ही कधी विचारलं नाहीत. पिच्चरवरही बोलला नाहीत. मीच एकदा मुद्दाम म्हटलं, आबा, टीव्हीवर लागलाय बघा तुमचा आवडता. तुम्ही म्हणालात, "हो, चांगला शे." मला तो "हो" चपराकीसारखा लागला. तुम्ही माझ्याशी "हो" म्हणत नव्हतात कधी. माझ्याशी भांडायचात. सगळ्या दुनियेला "हो", आणि मला "नही वं, तू समजत नही." मी ते माझ्या हाताने घालवलं.

मग तुमची छाती धरली. सरकारी दवाखान्यात तुम्हाला नेलं, आणि त्या वॉर्डात आत जायचं तर मास्क लावूनच. मी घरून ठरवून गेले होते. खाटेशी बसले, लोखंडी दांडीवर दोनदा बोट वाजवलं, तुम्ही डोळे उघडले. मी मास्क खाली ओढला आणि म्हटलं, "आबा, त्या दिवशी..." तोवर नर्स आली, "बेन, मास्क उपर करो, आ शुं करो छो?" वर ओढला. ती गेली, खाली ओढला. ती परत आली आणि आता दरडावलं तिने, बाहेर काढीन म्हणाली. तिचंही बरोबर होतं, आजूबाजूला सगळे छातीचे पेशंट. मग मी मास्कच्या आतूनच सांगितलं. सगळं सांगितलं. बँड, पदर, तुम्ही कसे हसलात, मी कशी आत जाऊन उभी राहिले. तुमचं खरं होतं, तो पिच्चर हसण्यासारखा नव्हता. माझं चुकलं. मला माफ करा. डोळ्यांतलं पाणी मास्कमध्ये जात होतं.

तुम्ही माझ्या मास्ककडे बघितलंत. मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे बघितलंत, तो काय करतो ते बघायला. त्याला काही देणंघेणं नव्हतं, तो झोपला होता. मग परत माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, "हो."

सगळे म्हणतात, ऐकलं असेल गं त्यांनी, समजलं असेल, डोळ्यांवरून कळतं माणसाला. मायसुद्धा म्हणते. मला नका सांगू. माझ्याइतका तुमचा "हो" कोणी ओळखत नाही. तुम्हाला समजलं असतं तर तुम्ही "हो" म्हणालाच नसतात.

परवा सगळे गेल्यावर रिद्धीने टीव्ही लावला. सुतकाचं घर म्हणून इतके दिवस बंद होता, म्हणून बिचारीने आवाज पूर्ण घालवून लावला. आणि लागलेला कोणता? तोच. ती बदलायला गेली, मी म्हटलं राहू दे. आम्ही तिघी बसलो, माय, ती आणि मी. आवाज नाही, खुर्चीही हलत नाही. माणसं तोंडं उघडतात, कोणाला घाम नाही, कोणाला भीती नाही. तो म्हातारा कानाला हात लावतो, सगळे हसतात, मग एकदम रांगेत उभे राहून हातपाय हलवायला लागतात. रिद्धीला आख्खा पिच्चर पाठ आहे. ती अर्ध्या तासाने म्हणाली, "मम्मी, इसमें तो कुछ हैच नहीं." माय म्हणाली, "तुना आबा तेच सांगे ना." मग माय माझ्याकडे वळली. म्हणाली, "त्या दिवशी मी हासनू नही." बस, एवढंच. मला वाटत होतं ते कोणाच्या लक्षात नसेल.

तर आबा, आता ऐका. म्हणजे बघा. घरात कोणी परका नाही. माय आत पडली आहे, रिद्धी कॉलेजात, हे कामावर. मी तुमच्या खुर्चीसमोर माझ्या जागेवर बसले आहे. पदर खांद्यावर आहे. मास्क नाही. उजेड माझ्या तोंडावर आहे, तुम्हाला आवडतो तसा. सावकाश बोलते, ओठ पूर्ण उघडून.

त्या दिवशी तुम्ही स्वतःवर हसलात. मी तुम्हाला बहिरा म्हणून चार माणसांत हसवलं, तोंड झाकून, तुम्हाला कळू नये म्हणून. बैल-बिल काही नव्हतं. तुम्ही माझं तोंड उघडं केलंत आणि मी ते झाकून तुमच्यावर वापरलं. माझं चुकलं, आबा.

आणि पिच्चरचं तुमचं सगळं खरं, फक्त एक सोडून. त्यातलं दुसरं गाणं चांगलं आहे. ते तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून त्याबद्दल तुम्ही बोलूच नका. काय? बघा परत सांगते, दुसरं गाणं चांगलं आहे. आता मान हलवू नका. तसे हसू नका. आबा, "हो" म्हणू नका. भांडा माझ्याशी.